अर्चना आणि सीताखांडीचा घाट

सहस्रकुंडाचा धबधबा बघायचा असेल तर जूनच्या सुरुवातीला जाऊ नका. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण असलं काही वाचून लोक भरात निघतात आणि तिथं पोचल्यावर लिहिणाऱ्याचा उद्धार करतात. पाऊस मुरल्यावर जा, पैनगंगा भरून वाहत असताना जा, घरच्यांना घेऊन मोटारीतून जा. आम्ही गेलो ते मेडिकलच्या निकालाच्या दिवसांत, सायकलवर, आणि आमच्या जाण्यात धबधब्याचा वाटा नावापुरताच होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची अर्चना. माझं नांदेडात झेरॉक्सचं दुकान आहे. आजूबाजूला क्लासच क्लास, त्यामुळे मशीनला उसंत नसते. दुसऱ्यांच्या लेकरांच्या नोट्सवर मी माझी लेकरं पोसली असं म्हटलं तरी चालेल. मध्यंतरी रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी हौसेनं गिअरची सायकल घेतली. आमचा पन्नाशीच्या माणसांचा एक गट आहे. रविवारी पहाटे निघायचं, अर्धापूरपर्यंत जायचं, गरम भजी खायची आणि परत यायचं, असा आमचा व्यायाम. साखर आहे तिथंच आहे.

अर्चना वीस वर्षांची. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, ही एकुलती एक मुलगी. ती तीन वर्षं लातूरला मेडिकलच्या क्लासला होती. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, दुसऱ्या वर्षी जरा जास्त हुकलं, आणि तिसऱ्या वर्षीचा निकाल लागला त्या दिवशी तिनं खोली सोडली, गादी गावाकडं पाठवली, सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली. आईबापाकडं गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. "रिपीटरच्या बॅचला परवाच्या आत नाव द्या म्हणायलेत. ही आमचा फोन उचलंना झालीय. तू समजाव तिला. एवढं एकच वर्ष म्हणावं."

"बघतो," मी म्हटलं.

"बघतो न्हाई. हो म्हणवून घे. तुझं ऐकती ती."

मागून दाजींचा आवाज आला, "पाया पडतो म्हणावं पाव्हण्याच्या." दाजी कुणाच्या पाया पडल्याचं मला तरी आठवत नाही. मी कबूल झालो. कबूल झालो कसला, नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

इकडं भाचीचं एकच टुमणं. "मामा, मला कुठंतरी लांब जायचंय. सायकलवर." मी मनात म्हटलं, चला, बरंच झालं. लांबच्या रस्त्यावर माणूस मऊ पडतो. मुदखेड, मग सीताखांडीचा घाट, मग भोकर, हिमायतनगर आणि संध्याकाळी सहस्रकुंड. तिथून जवळच इस्लापूरला आमचे एक जुने शेजारी, रिटायर झालेले मास्तर राहतात, त्यांच्याकडं मुक्काम. दिवसभरात केव्हातरी हिच्याकडून हो घ्यायचं आणि संध्याकाळी अक्काला कळवायचं, असा माझा बेत होता.

मुदखेड

पहाटे निघताना पहिली खडाजंगी सायकलवरून झाली. तिची सायकल म्हणजे लातूरच्या क्लासच्या पोरींची असते तशी, लेडीज, बिनगिअरची, पुढं तारेची टोपली. मी म्हटलं, आमच्या गटातल्या एकाची गिअरची आणून देतो, घाट आहे. ती म्हणाली, "हिच्यावर मी तीन वर्षं खोली ते क्लास, क्लास ते मेस, मेस ते खोली केलंय. हिला पण जरा बाहेरचं जग बघू द्या." टोपलीत तिनं तिच्या मामीनं बांधून दिलेल्या दशम्या ठेवल्या आणि निघाली.

आसना नदीचा पूल ओलांडला की हवा बदलते. केळीच्या बागा, नांगरून तापत पडलेली काळी रानं, मधूनच फुलांचे मळे. मुदखेडची फुलं पहाटेच्या रेल्वेनं हैदराबादपर्यंत जातात. स्टेशनच्या बाहेर भिजलेल्या पोत्यांत मोगरा बांधायचं काम चाललं होतं आणि त्या वासात आम्ही एका हॉटेलात टेकलो. तिथं सुशीला खाल्ली. पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी दिली की तिला आमच्याकडं सुशीला म्हणतात. पोह्यांपेक्षा हलकी आणि माझ्या मते पोह्यांपेक्षा चांगली, पण हे पुण्यात बोलायची सोय नाही.

हॉटेलवाला माझ्या हेल्मेटकडं बघत होता. आमच्या भागात पन्नाशीचा माणूस सायकलवर दिसला की लोकांना वाटतं, याचे दिवस फिरले.

"गाडी बंद पडली का काय, काका?"

"न्हाई. सायकलवरच निघालोत."

"मग माहूरला नवस हाय का?"

"न्हाई हो. सहजच."

सहज म्हटल्यावर त्याला माझी जास्तच कीव आली. त्यानं न मागता अर्धा कप चहा वाढवला आणि अर्चनाला विचारलं, "तुझं नाव काय गं, ताई?"

"सुशीला," ती प्लेटमधून मान वर न करता म्हणाली.

मला ठसका लागला. ती मात्र गंभीर. हॉटेलवाल्यानं मान डोलावली आणि आमच्या गावातबी एक सुशीला हाय म्हणून तिची हकिकत सांगितली. रस्त्याला लागल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. निकाल लागल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि मला वाटलं, काम फत्ते होणार.

पुढं एका बोअरवर पाणी भरताना घागरी घेऊन आलेल्या एका बाईनं चौकशी केली. कुठल्या, कुठं निघाल्या, हा कोण तुझा, नाव काय. "मनीषा," अर्चनानं सांगितलं, आणि त्या बाईची घागर तिच्या डोक्यावर चढवून दिली. या वेळी मला हसू आलं नाही. होस्टेलवर राहणाऱ्या पोरी अनोळखी माणसाला नाव सांगत नाहीत हे मला माहीत होतं. पण समोर उभी होती ती पन्नाशीची बाई, आणि नाव सांगताना पोरीचा चेहरा एखादी साडी अंगाला लावून बघावी तसा झाला होता.

सीताखांडी

सीताखांडीचा घाट हा काही मोठा घाट नव्हे. सह्याद्रीत वाढलेली माणसं याला चढ म्हणतील. पण जूनच्या उन्हात, साखरेच्या पेशंटला, तोही पुरेसा आहे. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, आणि त्या दिवसांत साग म्हणजे नुसते खराटे. सावली नाही, वारा नाही, रस्त्याच्या कडेला काळ्या दगडांतून वाफ येते. मधूनच तेलंगणाकडं जाणारा एखादा ट्रक कण्हत वर चढतो आणि आपल्या तोंडावर धूर सोडून जातो.

पहिल्याच मोठ्या वळणावर मी गिअर बदलला आणि मागं कडकड आवाज झाला. चेन, गिअरची तार आणि चाकाच्या आऱ्या यांचा एक गुंता झाला होता. तो मी हातानं ओढून काढला, हात काळे केले, पण गिअर मोडलाच होता, म्हणून सायकल ढकलू लागलो. वर पाहिलं तर अर्चना उभी राहून पायडल मारत, रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत कापत, नागमोडी चढत होती. टोपलीतल्या दशम्या हादरत होत्या. वळणापाशी थांबून तिनं मागं पाहिलं, मी ढकलतोय हे दिसलं, तशी ती उतरून खाली आली आणि माझ्या बरोबरीनं सायकल ढकलत चालू लागली.

"कशाला आलीस? जा की पुढं."

"पुढं जाऊन काय करू?"

माथ्याजवळ एका आंब्याखाली तांड्यावरची एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. आम्ही तिच्याजवळ टेकलो. तिनं आम्हाला झाडावरचे पडलेले आंबे दिले, आंबट ढाण. तिनंही नाव विचारलं. "रुक्मिण," अर्चना म्हणाली. म्हातारी शेळ्यांमागं गेल्यावर मी विचारलं, "काय चालवलंयस गं हे? सकाळपासून तिसरं नाव."

"रस्त्यावरच्या माणसाला खरं नाव कशाला सांगायचं?"

"बरं."

"आणि खरं म्हणजे कुठलं, मामा? माझं आहे ते तर आधीच वापरलेलं आहे."

इथं वाचकांना थोडं मागं न्यावं लागेल. अक्काला आधी दोन लेकरं होती, बंडू आणि अर्चना. दोन लेकरांवर तिनं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. किल्लारीचा भूकंप झाला त्या रात्री उकडत होतं म्हणून अक्का आणि दाजी अंगणात झोपले होते आणि लेकरं आजीजवळ आत. दगडमातीचं धाब्याचं घर. पहाटे ते बसलं. बंडू चार वर्षांचा होता, अर्चना सहाची. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो, दुसऱ्या दिवशी मिळेल त्या ट्रकनं गेलो. काय पाहिलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

त्यानंतर सरकारनं अशा बायकांची ऑपरेशनं पुन्हा उलटवून दिली. बऱ्याच जणींना त्याचा उपयोग झाला नाही, अक्काला झाला. नव्या जागी वसवलेल्या गावात, एकसारख्या घरांच्या रांगेत, ही अर्चना जन्मली. बारशाला नाव काय ठेवायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. आत्याबाईनं पाळण्यात वाकून कानात काही म्हणायच्या आत अक्का पुढं झाली आणि म्हणाली, "अर्चना." कुणी ब्र काढला नाही. काढायचं कारणही नव्हतं, कारण त्या गावात तेव्हा जन्मलेल्या बहुतेक लेकरांची नावं अशीच, गेलेल्यांची होती. गेलेलं माणूस परत आलं म्हणत आणि ओटी भरत.

"आमच्या वर्गात सगळे असेच," अर्चना आंब्याची कोय चोखत म्हणाली. "दरवर्षी जुन्या गावात गेलेल्यांची नावं कोरलेल्या त्या दगडाला हार घालायला जातो ना, त्याच्यावर आमच्या निम्म्या वर्गाची हजेरी लागलेली असते. लहानपणी आम्ही आपापलं नाव शोधायचो. खेळ होता आमचा."

मी हातातला आंबा खाली ठेवला.

"पेपरच्या आदल्या दिवशी आईचा फोन येतो. म्हणते, अर्चनाला डॉक्टर व्हायचं होतं. तुला व्हायचंय का, असं नाही म्हणत. अर्चनाला, म्हणते. मग मी पेपरात बसते आणि वाटतं, ती का नाही येऊन सोडवत?" कोय तिनं दरीत फेकली. "सहा वर्षांची होती ती. मी सहाची होते तेव्हा मला कंडक्टर व्हायचं होतं. तिकिटाला भोक पाडतात ना, टकटक करून, ते फार आवडायचं मला."

"मग आता?"

"आता काही नाही. मी नाही बसणार परत. तुम्हाला आईनं कशाला पाठवलंय ते मला माहीत आहे, मामा. उगं ताण घेऊ नका." आणि जरा वेळानं तिनं विचारलं, "ती खरंच म्हणायची का असं? डॉक्टर व्हायचं म्हणून? तुम्ही तर होता ना तेव्हा."

मी खरं सांगायचं ठरवलं. आजही वाटतं, त्या आंब्याखाली दुसरा कुठलाही माणूस असता तर त्यानंही तेच केलं असतं.

मी तिला पहिली अर्चना सांगितली. कुणी कधी सांगितली नव्हती. घरात तिचा नुसता हार घातलेला फोटो होता आणि ती फार गुणी होती एवढंच सगळे म्हणत. गुणी कसली. गूळ चोरायची, बंडूला मारून आपणच मोठ्यानं रडायची, आणि सुईला इतकी भ्यायची की गावात डॉक्टरची मोटरसायकल वाजली की ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसायची. एकदा तिला धरून सुई दिली तर कंपाउंडरच्या मनगटाला कडकडून चावली होती. डॉक्टर व्हायचंय असं ती कधी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. ती काही व्हायचंय असंच म्हणत नव्हती. सहा वर्षांची होती.

"मग आई?"

"भूकंपानंतर तुझी आई बोलतच नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. तोंडातून शब्द नाही. आम्हाला वाटलं, गेली ही. मग एक दिवस मुंबईकडच्या कुणी बाई भेटायला आल्या. चांगल्या होत्या. त्यांनी तिचा हात हातात घेऊन विचारलं, तुमच्या मुलीला मोठेपणी काय व्हायचं होतं? आणि अक्का म्हणाली, डाक्टर. तो पहिला शब्द. तिथं बसलेले आम्ही सगळे रडलो. बोलली एकदाची, एवढंच आम्हाला झालं होतं. काय बोलली याचा विचार कुणी केला नाही. नंतर ते तसंच राहिलं."



माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. मी उत्साहात म्हटलं, "तेव्हा तू खुशाल नाही म्हण. अक्काला काय सांगायचं ते मी बघतो. शिव्या खायच्या त्या मी खातो." मला खरोखर वाटत होतं की मी त्या पोरीला मोकळं केलं. दिलेलं काम मोडून मी उलटंच काही केलं होतं आणि त्याचा मला आनंद झाला होता. ती उठली, सायकलवर बसली आणि भोकरच्या बाजूचा उतार ब्रेक न लावता उतरून गेली.

भोकर, आणि पुढचा कंटाळवाणा रस्ता

भोकरला बसस्टँडजवळ एक सायकलचं दुकान सापडलं. दुकानदार चाचांनी माझ्या सायकलकडं पाहिलं, हात लावला नाही, आधी पान थुंकून आले.

"ये महंगी चीज हाय, साहेब. इसका सामान हैदराबादहून मागवावं लागंल."

"मग आता?"

"आता गियर काढून टाकतो. चेन छोटी करतो. बापाच्या जमान्यातली सायकल होईल, पण चालंल."

तसं त्यांनी केलं. जिची एवढी मिजास मारत होतो ती सायकल अर्ध्या तासात अर्चनाच्या सायकलीच्या पंगतीला आली. चाचांनी तिलाही प्रेमानं विचारलं, "बेटी, नाम क्या तेरा?" मी तिच्याकडं पाहिलं. आता चौथं येणार. ती म्हणाली, "चाचा, मागच्या चाकात हवा भरा." बस्स, तेवढंच.

कडुनिंबाखाली बसून दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला. एरवी मी असं जेवण रंगवून लिहिलं असतं. त्या दिवशी घास तोंडात फिरत होता, कारण ती खातच नव्हती. समोरच्या भिंतीवर लातूरच्या एका क्लासचं पोस्टर होतं, पांढरे कोट घातलेली हसरी पोरं, गळ्यात स्टेथोस्कोप. भोकरला, हिमायतनगरला, मधल्या वाडीवस्तीवरच्या पानटपऱ्यांवरसुद्धा तीच पोरं. या भागात पूर्वी भिंतींवर खतांच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती असत. आता पीक बदललं आहे.

हिमायतनगरपर्यंतचा रस्ता मी कुणालाही सुचवणार नाही. समोरून वारा, तोही भट्टीतला. सपाट वैराण रानं, पेरणीची वाट बघत पडलेली. एक गिअर, दुखणारे गुडघे, आणि पुढं टोपलीवाल्या सायकलवर न बोलता जाणारी पोर. घाटात वाटलेला आनंद कुठं गेला ते कळेना. काहीतरी चुकलंय एवढं जाणवत होतं. 

रेल्वेच्या फाटकाशी थांबलो होतो तेव्हा तिनं विचारलं, "किती दिवस बोलली नव्हती आई?"

"मोजले नाहीत गं. गणपती बुडवल्यावर ते दसरा उलटेपर्यंत म्हण."

"आणि पहिला शब्द तोच?"

"तोच."

गाडी धडधडत गेली. फाटक उघडलं. ती म्हणाली, "चला."

सहस्रकुंड

ऊन कलल्यावर पोचलो. धबधबा नव्हता. हे मी सुरुवातीला सांगितलंच आहे, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मला ठाऊक असायला हवं होतं, पण निघायच्या घाईत सुचलं नाही. पैनगंगेच्या पात्रात दूरवर काळे, झिजलेले, भोकं पडलेले कातळ उघडे पडले होते. ज्या कड्यावरून पाणी कोसळतं त्या कड्यावर पांढरे डाग होते, पाणी वाळल्याचे. खाली एक हिरवट डोह, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. पलीकडचा काठ विदर्भाचा, तोही तितकाच कोरडा. महादेवाच्या देवळात एक घंटा वाजली आणि थांबली. सकाळपासून ज्या नावानं आम्ही पायडल मारत आलो ते हे.

देवळाच्या पायऱ्यांजवळ एक म्हातारा टोपलीत चणेफुटाणे घेऊन बसला होता. त्या बाजूची माणसं अर्धं तेलगू, अर्धं मराठी बोलतात. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. आम्ही त्याच्यापासून थोड्या अंतरावर कातळावर बसलो. दगड अजून तापलेला होता.

"मामा, आईला फोन लावा," अर्चना म्हणाली.

"लावतो. मी सांगतो सगळं. तू बोलू नकोस, मी ऐकून घेतो तिचं."

"येते म्हणून सांगा. रिपीटरला बसते."

मला वाटलं ती थट्टा करतेय. 

"घाट चढेपर्यंत माझं नक्की होतं," ती म्हणाली. "मी नाहीच म्हणणार होते. त्या मेलेल्या पोरीला नाही म्हणणं सोपं होतं, मामा. ती काय भांडायला येणार होती? मनातल्या मनात तिच्याशी रोज भांडत होते मी. तुझं तू बघ, मला नको, असं. पण तुम्ही सांगितलं आणि ते तिचं नव्हतंच. आईचं होतं. एवढे दिवस गप्प बसून आईनं तो एकच शब्द काढला. आता तिला कसं नाही म्हणू?"

"अगं, तिला तरी कुठं कळत होतं ती काय बोलतीय ते? कुणी काहीतरी विचारलं, तोंडात आलं ते बोलली."

"म्हणून तर."

मी सगळं करून पाहिलं. समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. तुला कंडक्टर व्हायचं तर कंडक्टर हो म्हटलं, एसटीत पोरी घेतात आता. सकाळी जिच्याकडून हो काढायला निघालो होतो तिच्याकडून नाही म्हणवून घ्यायला मी संध्याकाळी त्या तापल्या दगडावर बसून गयावया करत होतो. आणखी एक वर्ष, मग आणखी एक, हे मला लख्ख दिसत होतं. माझ्या दुकानात रोज येतात अशी पोरं, पंचविशीची, डोळ्यांखाली काळी, त्याच त्या नोट्सच्या झेरॉक्स पुन्हा काढायला. आणि हे मी केलं होतं. गप्प राहिलो असतो तर ती सुटली असती.

तिनं माझ्या खिशातून मोबाइल काढला आणि स्वतःच लावला. पलीकडून पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"काय म्हणाली रे?" अक्काचा आवाज आला. "बोल की. काय म्हणाली?"

"आई, मीच बोलतेय. बसते मी. उद्या पप्पांना नाव द्यायला सांग."

 पलीकडं अक्का रडायला लागली, मोठ्यानं, आणि रडता रडताच दाजींना हाका मारू लागली. दाजी फोनवर आले. "पाव्हणं हायत का जवळ? दे त्यास्नी." मी फोन घेतला. दाजी म्हणाले, "लई उपकार झाले तुमचे. तुमच्यामुळं झालं हे. आमच्यानं झालं नसतं." खरं होतं ते. मी हाव, हाव म्हणत राहिलो आणि फोन ठेवला.

 इस्लापूरला मास्तर वाट बघत असतील, सायकली उचलायला हव्यात, एवढंही सुचेना. अर्चना उठली, चणेवाल्याकडं गेली आणि एक पुडी मागितली. मीही मागोमाग गेलो. म्हाताऱ्यानं कागदाचा शंकू वळला, चणे भरले, वर चिमूटभर तिखट टाकलं. दिवसभरात त्याच्याकडं आलेलं पहिलंच गिऱ्हाईक असावं, त्याला बोलायचं होतं.

"लांबून आलाव का, अम्मा? पाणी न्हाई आत्ता. पाऊस पडल्यावर या. नाव काय तुझं?"

मी थांबलो. सकाळपासून तीन नावं ऐकली होती, आणखी एक ऐकायला माझे कान टवकारले होते. सुमन म्हण, शोभा म्हण, काहीही म्हण, असं मी मनात म्हणत होतो.

"अर्चना," ती म्हणाली.

"चांगलं नाव हाय," म्हातारा म्हणाला. तिनं पुडी घेतली आणि अर्धे चणे माझ्या हातावर ओतले.